सरकती सीमा आणि तिच्यामागे जाणारे टूना

मागच्या व्याख्यानात आपण व्यापारी वारे पाहिले. आज या वाऱ्यांचा माशांशी काय संबंध, ते पाहू. उदाहरण घेऊ पश्चिम प्रशांत महासागरातल्या स्किपजॅक टूनाचं. कोकणात कुप्पा, गेदर म्हणतात ना, त्यांचाच हा भाऊबंद. डबाबंद टूनामध्ये याचा वाटा मोठा असतो.

विषुववृत्तालगत हे वारे तापलेलं पाणी पश्चिमेकडे ढकलतात. त्यामुळे पापुआ न्यू गिनीच्या बाजूला 28-29 अंश सेल्सिअसचं उबदार पाणी साचतं. पूर्वेकडे खालचं थंड पाणी वर येतं. त्यात पोषकद्रव्यं भरपूर, म्हणून प्लवकही भरपूर. ही दोन पाणी भेटतात त्या पट्ट्याला शास्त्रज्ञ ‘फ्रंट’ म्हणतात. आपण ‘सीमा’ म्हणू. इथे जड, थंड पाणी हलक्या पाण्याखाली सरकतं आणि प्लवक व त्यावर जगणारे बारीक जीव गोळा होतात. टूनासाठी जणू पान वाढून ठेवलेलं!

पण ही सीमा स्थिर नाही. एल निनोमध्ये वारे मंदावतात, उबदार पाणी पूर्वेकडे पसरतं आणि सीमा हजारो किलोमीटर सरकते. ला नीनामध्ये याच्या उलट. सीमेबरोबर टूनाही सरकतात, हे पात्रिक लेओदे आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं.

मग अडचण कोणाची? किरिबाती, तुवालू यांसारख्या बेटांची. परदेशी जहाजांना दिलेल्या मासेमारी परवान्यांवर त्यांच्या सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग चालतो. एल निनोत मासे पूर्वेला, किरिबातीकडे. ला नीनात पश्चिमेला. एकाची चांदी, दुसऱ्याची ओढाताण.

यावर आठ देशांनी 2007 पासून एक तोड अमलात आणली. मासे मोजून वाटण्याऐवजी त्यांनी मासेमारीचे दिवस ठरवले. एकूण दिवसांना मर्यादा, प्रत्येकाला हिस्सा, आणि न लागणारे दिवस शेजाऱ्याला विकता येतात. मासे कुठेही गेले, तरी पैसा थोडाफार सगळ्यांकडे फिरतो.

पुढचा प्रश्न मात्र अवघड आहे. एल निनो येतो आणि जातो. तापमानवाढ तशी जाणार नाही. संगणकीय अंदाजांनुसार टूना हळूहळू पूर्वेकडे, या देशांच्या 200 सागरी मैलांच्या हद्दीबाहेर खुल्या समुद्रात सरकतील. तिथे परवाना विकायचा अधिकार या बेटांना नाही. कार्बन सर्वांत कमी सोडणाऱ्यांचंच ताट आधी सरकणार, हे आपण ध्यानात ठेवायला हवं.