आधी थांबायचं, मग पळायचं!
जुन्या जीपची घरच्या अंगणातली दुरुस्ती

मुलांनो, तुमच्या गावात एखादी जुनी जीप आहे का? गोठ्याशेजारी, नाहीतर कडब्याच्या गंजीच्या आडोशाला उभी असलेली? ताडपत्री फाटलेली, पत्रा गंजलेला, आणि सीटवर कोंबडीचा मुक्काम! येणारा-जाणारा म्हणतो, "भंगारात द्या आता." पण अशी गाडी पुष्कळदा पुन्हा चालू होते. तीही मोठ्या कारखान्यात नव्हे, घरच्या अंगणात, चार पाने, एक जॅक आणि ग्रीसचा डबा एवढ्यावर! हे कसं जमतं? आणि हौसेनं तिच्यात बदल करताना कुठं थांबायचं? चला, आज बघू या.

ही गाडी आली कुठून?

१९४० साली दुसरं महायुद्ध सुरू होतं. अमेरिकेच्या सैन्याला चिखल, वाळू, दगडधोंडे असं सगळं तुडवत जाणारी छोटी गाडी हवी होती. बँटम नावाच्या एका लहान कंपनीनं अवघ्या ४९ दिवसांत नमुना तयार करून दिला! पुढं विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून युद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. विलीजच्या जीपचं इंजिन होतं ६० अश्वशक्तीचं.

युद्धात गाडी बिघडली, तर गॅरेज कुठून आणणार? म्हणून ती उघडायला सोपी ठेवली होती. सरळ पत्रे, मजबूत चासी, खाली पाटे आणि जिथंतिथं हाताला येणारे नट-बोल्ट. हाच गुण आज आपल्या कामी येतो.

स्वातंत्र्यानंतर महिंद्रा कंपनीनं विलीज जीपचे सुटे भाग आणून त्या मुंबईत जोडायला सुरुवात केली. पुढं महाराष्ट्रातच जीप तयार होऊ लागल्या. तुम्ही पाहिलेली जुनी जीप बहुधा त्याच घराण्यातली असेल.

तिच्या नंबरावरूनही एक गंमत कळते. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. आपल्या जिल्ह्याच्या गाड्यांना एमएच ३७ हा क्रमांक असतो. पण आपल्याकडच्या एखाद्या जुन्या जीपवर अकोल्याचा एमएच ३० दिसला, तर नवल नको. गाडी जिल्ह्यापेक्षा वयानं मोठी असू शकते!

चारही चाकं ओढतात म्हणजे काय?

सगळ्याच जीप चार चाकांवर ओढणाऱ्या नसतात बरं का! आपल्याकडं प्रवासी भरभरून नेणाऱ्या कितीतरी काळ्या-पिवळ्या दिसायला जीपसारख्याच, पण इंजिनाचा जोर फक्त मागच्या चाकांना. ओळखायचं कसं? मोठ्या माणसाला सोबत घ्या आणि बंद गाडीच्या पुढून वाकून बघा. पुढच्या दोन चाकांच्या मधल्या आसावर लोखंडी फुगीर गोळा दिसला, तर ती 'फोर बाय फोर'. आत गिअरच्या दांड्याजवळ एक-दोन छोटे दांडे जास्तीचे असतात.

त्या गोळ्यात असतं डिफरन्शियल. हे कशाला? बैलगाडी आठवा. वळताना बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं, आतलं कमी. बैलगाडीची चाकं आपापली सुटी फिरतात, म्हणून अडत नाही. जीपची चाकं मात्र इंजिनानं फिरवायची असतात. तेव्हा दोन्ही चाकांना जोर द्यायचा आणि कमीजास्त फिरण्याची मोकळीकही द्यायची, हे काम डिफरन्शियल करतं.

मागच्या आणि पुढच्या आसाला जोर वाटून देणारी आणखी एक पेटी गिअरबॉक्सला जोडलेली असते. तिच्यात 'लो' नावाचा एक गिअर असतो. तो टाकला की चाकं सावकाश फिरतात, पण जोर वाढतो. पावसाळ्यात पांदण रस्त्यावरची काळी माती चाकाला कशी चिकटते, हे तुम्हाला सांगायला नको. तिथं हाच गिअर उपयोगी पडतो.

पण मग डांबरी सडकेवरही चारही चाकं का नाही जोडायची? कारण वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. जुन्या जीपमध्ये पुढचा आणि मागचा आस एकमेकांना घट्ट जोडले जातात. चिखलात चाक जरा घसरून फरक भरून काढतं. कोरड्या सडकेवर ते घसरत नाही, मग सगळा ताण आतल्या दातऱ्यांवर येतो. स्टिअरिंग जड होतं आणि महागडी दुरुस्ती निघते.

अंगणातली जीप

आमच्या शाळेच्या एका पालकांनी अशीच जुनी जीप घेतली. शेतातून माल आणायला आणि रात्री-बेरात्री कोणी आजारी पडलं तर नेता यावी म्हणून. परिसर अभ्यासाच्या तासाला आम्ही मुलांना घेऊन ती बघायला गेलो. तिथं बापलेकाची जुंपली होती! थोरला म्हणत होता, "बाबा, मोठाले टायर टाकू ना! कशी वाघावानी दिसंल!" बाबा गाडीखालून म्हणाले, "आंधी थांबाचं पाहू, मंग पयाचं."

बाबांचंच खरं होतं. पहिलं काम ब्रेकचं, दुसरं स्टिअरिंगचं. इंजिन, रंग, टायर सगळं नंतर. न चालणाऱ्या गाडीनं कोणाला दुखापत होत नाही, न थांबणाऱ्या गाडीनं होते.

त्यांची कामाची पद्धत लिहून ठेवण्यासारखी होती. आधी बॅटरीची ऋण तार काढली. चाकांना पुढून-मागून ओंडके लावले. काळ्या मातीत जॅक रुततो, म्हणून त्याच्याखाली जाड फळी घातली. गाडी उचलल्यावर चासीखाली लोखंडी घोड्या लावल्या आणि मगच ते खाली शिरले. नुसत्या जॅकवर किंवा विटांच्या थप्पीवर उचललेल्या गाडीखाली कधीही, कोणीही जायचं नाही! जॅक सरकू शकतो, वीट अचानक फुटते.

धाकट्या मुलीकडं मोठं काम होतं. निघालेला प्रत्येक नट-बोल्ट वेगळ्या डबीत टाकायचा आणि वर चिठ्ठी लावायची : 'पुढचं डावं चाक', 'ब्रेकचं झाकण'. उघडण्याआधी वहीत आकृतीही काढायची. उघडणं सोपं असतं हो, उलट क्रमानं जोडताना खरी परीक्षा! गंजून बसलेल्या नटाशी कुस्ती खेळायची नाही. त्यावर थोडं डिझेल सोडून रात्रभर ठेवायचं. जोर केला तर आटे जातात.

ब्रेकच्या डब्यात काळी भुकटी साचलेली असते. ती फुंकून उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसांना फार घातक असतं. अशा वेळी मुलांनी लांब राहायचं. मोठ्यांनी मास्क लावून ती ओल्या फडक्यानं पुसायची आणि फडकं पिशवीत बांधून टाकायचं. ब्रेकमध्ये फक्त ब्रेक ऑईलच घालायचं. इंजिन ऑईल किंवा रॉकेल पडलं तर आतली रबरं फुगतात आणि ब्रेक दगा देतो. पुष्कळ जुन्या जीपमध्ये चारही चाकांच्या ब्रेकला एकच तेलवाट असते. एका जागी गळती झाली, की चारही ब्रेक जातात! म्हणून ब्रेकचं काम जाणत्या मिस्त्रीला दाखवल्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही.

आणखी एक खूण. ओढ्यातून गाडी काढल्यावर डिफरन्शियलचं तेल बघतात. ते दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी शिरलं समजावं. जुनं तेल नालीत किंवा विहिरीजवळ मात्र ओतू नका.

मग मोठे टायर का नकोत?

थोरल्याला आम्ही एक गणित घातलं. समजा, टायरचा व्यास ७० सेंटिमीटर आहे. परीघ किती? ७० गुणिले बावीस सप्तमांश, म्हणजे २२०. आता ७७ सेंटिमीटरचा टायर बसवला, तर परीघ होतो २४२. म्हणजे मीटरवर ५० दिसेल, तेव्हा गाडी धावत असेल ५५ नं! शिवाय मोठं चाक थांबवायला ब्रेकला जास्त जोर लागतो, आणि गाडी उंच झाली की वळणावर कलंडण्याची भीती वाढते. थोरल्यानं ते दोनदा करून पाहिलं आणि म्हणाला, "मंग ब्रेकच पाहू आंधी."

एक भाग बदलला की दुसरा बदलावा लागतो. कारखान्यालाही हे चुकलं नाही. १९५३ साली विलीजनं जीपमध्ये उंच इंजिन घातलं. ते जुन्या बॉनेटखाली मावेना, तेव्हा बॉनेटच उंच केलं! महिंद्राच्या जुन्या उंच नाकाच्या जीपची कहाणी हीच.

कायदाही हेच सांगतो. गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा फेरफार करता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमात तसं बंधन आहे. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानंही हेच बजावलं. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची परवानगी हवी. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांची गोष्ट ऐका. त्यांनी भंगारातून किक मारून चालू होणारी छोटी जीप बनवली, खर्च सुमारे ६० हजार रुपये! आनंद महिंद्रांनी २०२१ च्या डिसेंबरात तिचं भरभरून कौतुक केलं, आणि अशी गाडी नियमांमुळं रस्त्यावर चालू देणार नाहीत हेही सांगितलं. जानेवारी २०२२ मध्ये लोहारांना तिच्या बदल्यात नवी बोलेरो मिळाली. हुन्नराचा मान वेगळा, रस्त्याचा नियम वेगळा.

आणि पालकांनो, दुरुस्तीत मदत केली म्हणून मुलाच्या हाती चावी देऊ नका. १८ वर्षांखालच्या मुलानं गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो.

करून पाहा

सुया नसलेल्या दोन नव्या सिरिंज आणि एक बारीक नळी घ्या. नळीत आणि एका सिरिंजमध्ये पाणी भरून सगळं जोडा. एकीचा दट्ट्या दाबा, दुसरीचा लगेच वर येतो. हाच तुमचा ब्रेक! आता नळीत थोडी हवा राहू द्या आणि पुन्हा दाबा. काय फरक पडला? ब्रेक दुरुस्त केल्यावर मिस्त्री कोणाला तरी पेडल दाबायला सांगून चाकाजवळून बुडबुडे का काढतात, ते आता तुम्हीच घरच्यांना समजावून सांगा.