त्याला फेणेतून बाहेर काढू नका

या आठवड्यात विज्ञानकथा घेणार होतो, पण जयंत नारळीकर थांबतील. कळंबच्या एका वाचक बाईंनी विचारलेला प्रश्न टाळावासा वाटत नाही. त्यांचा मुलगा आठवीत आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याच्या हाती भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे लागला आणि तेव्हापासून तो दुसऱ्या पुस्तकाला हात लावत नाही. एक भाग संपला की दुसरा, आणि सगळे संपले की पुन्हा पहिला. 'याला यातून बाहेर कसं काढायचं?' असं त्या विचारतात. माझं उत्तर आहे, काढूच नका. दहा ते चौदा या वयात वाचनाची गोडी लावायला एकाच नायकाच्या मालिकेइतका भरवशाचा उपाय नाही, आणि ठरलेल्या विषयाला फाटा देऊन का होईना, आज तेवढंच सांगायचं आहे.

कुठलंही नवं पुस्तक उघडलं की पहिल्या वीस-पंचवीस पानांत वाचकाला प्रवेशकर भरावा लागतो. माणसं कोण, गाव कुठलं, लेखकाची बोलण्याची तऱ्हा काय, हे सगळं जुळवून घ्यायचं असतं. सराईत वाचकाला त्याचं काही वाटत नाही, नवखा मात्र तिथेच पुस्तक मिटतो. मालिकेत हा कर एकदाच भरायचा. बनेश ऊर्फ फास्टर फेणे फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, अंगानं किडकिडीत, सायकलवर सुसाट, आणि तोंडानं 'टॉक्' करायची त्याची खोड. एवढं ठाऊक झालं की 'प्रतापगडावर फास्टर फेणे' उघडणारा मुलगा पहिल्या पानापासून गोष्टीतच असतो. स्टीफन क्रॅशेन या अमेरिकी भाषाभ्यासकानं १९८१ मध्ये अशा अरुंद वाचनाची बाजू मांडली होती. एकाच लेखकाचं किंवा एकाच विषयाचं भरपूर वाचलं की तेच शब्द, तशाच वाक्यरचना पुन्हा पुन्हा भेटतात आणि न शिकवता अंगी मुरतात, असं त्याचं म्हणणं. क्रॅशेन बोलत होता परभाषा शिकणाऱ्यांबद्दल. पण घरी एक बोली आणि पुस्तकात प्रमाण मराठी, अशा मुलाची गरज फार वेगळी नसते.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, एकाच साच्यातल्या गोष्टींनी अभिरुची बिघडते आणि त्यातून संस्कार काहीच होत नाहीत. ही तक्रार आपल्याकडे जुनी आहे. तंजावरला सरफोजीराजांच्या आश्रयानं १८०६ मध्ये इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या, तेव्हापासून मुलांचं पुस्तक म्हटलं की शेवटी तात्पर्य हवंच, ही अपेक्षा काही सुटलेली नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळापहाड मुलांनी पाठ्यपुस्तकाआड लपवून वाचले, याला कारण हीच अपेक्षा. साचा असतो, हे मान्य. काही मुलं त्यातच अडकून राहतात, हेही मान्य. पण जो आयुष्यभर फक्त रहस्यकथा वाचतो, तोही वाचकच ना? शिवाय मालिका लिहिणारा हलका, हे मुळात खरं नाही. सत्यजित राय यांनी 'संदेश' हे आजोबांनी काढलेलं मुलांचं मासिक १९६१ मध्ये पुन्हा सुरू केलं आणि १९६५ पासून त्यात फेलूदा हा गुप्तहेर आणला. त्या वेळी त्यांचा 'पथेर पांचाली' हा चित्रपट जगभर पोचला होता. फेणेचे जनक भा. रा. भागवत तर ज्यूल व्हर्नला मराठीत आणणारे. बाईंच्या मुलाला बाहेरची वाट त्याच्याच लेखकाच्या घरातून सापडेल.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. हे सगळं पुण्याचं, तर आपल्या भूम-परंड्याच्या मुलाला त्यात काय? पण फेणे स्वतः बाहेरगावाहून पुण्यात शिकायला आलेला पोरगा आहे. आणि परकं गाव ही साहसकथेत अडचण नसते, अर्धी गंमत तीच असते. तरी आपलं गाव गोष्टीत आलं तर मजा वाढते, यात शंका नाही. १८५३ नंतर काही वर्षं नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार पाहणाऱ्या मेडोज टेलरनं १८६३ मध्ये 'तारा' ही इंग्रजी कादंबरी लिहिली. तिची नायिका तुळजापूरची, आणि गोष्टीत अफजलखानाची स्वारीही येते. मुलांसाठी ती नव्हे, फार पसरट आहे. पण परदेशी अधिकाऱ्याला इथं गोष्ट दिसली! नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात बांधलेला पाणीमहाल आणि पावसाळ्यात त्यावरून कोसळणारे नर-मादी धबधबे, हे रहस्यकथाकाराला आयतं मिळालेलं ठिकाण आहे. कुणीतरी तिथं आपला नायक उतरवावा.

आता ग्रंथालयांचं. 'ड' वर्गाच्या गावच्या वाचनालयाला तुटपुंज्या अनुदानात वीस पुस्तकं घ्यायची असतील, तर कार्यकारिणी वीस वेगवेगळी घेते, म्हणजे सगळ्यांना सगळं मिळेल. कागदावर ते बरोबर दिसतं. प्रत्यक्षात मालिकेचा तिसरा भाग आहे, चौथा नाही, आणि मुलगा कपाटापाशी येऊन परत जातो. त्यापेक्षा एक मालिका पूर्ण घ्यावी, तिच्या पहिल्या भागाच्या दोन प्रती घ्याव्यात, कारण फाटतो तोच. हरवलं तर भरपाईचा धाक घालू नये. बाईंनीही मुलाला काही सुचवू नये. फेणेच्या शेजारी अशोक जैन यांच्या अनुवादातला फेलूदा ठेवून द्यावा. तिथं गोष्ट सांगणारा तोपशे मुलाच्याच वयाचा आहे. वर्षभरानं प्रकाश नारायण संतांचा 'वनवास' ठेवावा. त्याचा नायक लंपन; लंपनच्या चार पुस्तकांत ना चोर ना पाठलाग, पण तीही मालिकाच. शिवाय त्याच्या गावात मराठीबरोबर कानडीही ऐकू येते, म्हणजे उमरग्याच्या मुलांना तो जास्तच जवळचा वाटेल.

विज्ञानकथा पुढच्या रविवारी. सुरुवात 'प्रेषित'पासून करायची की 'यक्षांची देणगी'पासून, यावर माझं मत बहुतेकांना पटणार नाही.