पॉइंटांची वही

न्यू जर्सीची माझी नणंद जळगावला आली, तेव्हा स्टेशनवर मी तिला ओळखलंच नाही. चांगली ११ किलो उतरली होती. इकडे मी ७४ किलो. जिना चढताना गुडघे कुरकुरायचे, आणि डॉक्टरांनी "साखर काठावर आहे" असं नुकतंच बजावलेलं. नणंद म्हणाली, "वहिनी, काही बंद करू नका. फक्त पॉइंट मोजा." आणि एक शंभर पानी वही माझ्या हातात ठेवली.

तिचा तो 'वेट वॉचर्स'चा कार्यक्रम. न्यूयॉर्कच्या जीन निडेच या गृहिणीला लपून बिस्किटं खायची सवय होती. १९६१ मध्ये तिने सहा मैत्रिणींना घरी बोलावून ते कबूल केलं, तिथून सुरुवात. कंपनी निघाली १९६३ मध्ये. म्हणजे मूळ आपल्या भिशीसारखंच की! पॉइंट आले ते नव्वदच्या दशकात. कंपनीने पुढे हिशोब बऱ्याचदा बदलला, पण नणंदेने मला जुनाच शिकवला. साधारण ५० कॅलरीला एक पॉइंट. फॅट जास्त तर पॉइंट वाढतात, चोथा जास्त तर थोडे कमी होतात. रोजचा कोटा वजनावरून ठरतो. माझ्या वाट्याला आले २४.

पहिला आठवडा कसा जातो, सांगू? भुकेपेक्षा चिडचिड जास्त होते. दोन चमचे साखरेचा दुधाचा चहा साधारण दोन पॉइंटांचा. मी चार वेळा घ्यायची. झाले की आठ! मध्यम भाकरीचे साडेतीन-चार, ते ठीक. भरिताचं वांगं तर बिचारं निर्दोष, पण वर ओतलेलं तेल पोह्याच्या चमच्याला साडेतीन. मूठभर शेंगदाणे चार. शेवभाजीचं तर विचारूच नका.

पण खरा धक्का वेगळाच होता. मुलाने ताटात टाकलेली अर्धी पोळी, पातेल्याच्या तळची खिचडी, डबा भरताना तोंडात टाकलेली शेव, याला मी कधी जेवण म्हटलंच नव्हतं. वहीत लिहिलं तेव्हा दिसलं, माझं एक अख्खं जेवण ओट्याशी उभ्या-उभ्या होतं. आणि बसून जेवायचं ते सगळ्यांचं आटोपल्यावर, गार झालेलं.

सासूबाई अमळनेरकडच्या. वही पाहून म्हणाल्या, "पोटना बी कोनी हिशोब लिखस का वं?" ह्यांनी तर केळ्याला दोन पॉइंट ऐकून कपाळाला हात लावला. जळगावात राहून केळं मोजायचं! (२०१० मध्ये कंपनीनेच बहुतेक ताज्या फळांचे पॉइंट शून्य केले, म्हणून मी आता केळं मोजत नाही. मात्र एका वेळी एकच खाते.)

पहिल्या आठवड्यात दीड किलो उतरलं. मी खूश! पण त्यात बरंचसं पाणीच असतं. तिसऱ्या आठवड्यात काटा जागचा हलेना. इथेच बायका वही अडगळीत टाकतात. मीही टाकली असती, पण भिशीच्या दोघींनीही वह्या सुरू केल्या होत्या. आता सोमवारी सकाळी आम्ही तिघी मेहरूण तलावावर चालायला जातो आणि वह्या दाखवतो. खोटं लिहिलेलं लगेच कळतं, कारण लग्नाच्या पंगतीत तिघी शेजारीच बसलेल्या असतो.

एक मात्र नक्की सांगेन. गरोदर असाल, बाळ अंगावर पीत असेल, तर हे करू नका. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. खाणं कमी आणि औषध तेवढंच, यात साखर एकदम उतरू शकते. आणि पॉइंट वाचवायला उपाशी राहू नका. मी एका एकादशीला तो प्रयोग केला आणि रात्री साबुदाणा वड्यांवर तुटून पडले. त्या दिवसाचं पान अजून वहीत आहे.

तीन महिन्यांत साडेचार किलो गेले. गुडघे जरा गप्प आहेत. साखरेचा रिपोर्ट पुढच्या महिन्यात.

आता मी सगळ्यांबरोबरच ताट वाढून घेते. नंतर पोळ्या करायला कोण उठणार, यावर दोन दिवस घरात कुरबुर झाली. मग पोळ्या आधीच करून डब्यात ठेवायचं ठरलं. परवा सासूबाईंनी चहाचा कप पुढे केला आणि हळूच विचारलं, "यामा कितला शेत वं?"