आजोबांना नेमकं काय झालं होतं?

इंग्लंडमध्ये न्यूरॉलॉजिस्टकडे गेलात की एक प्रश्न हमखास येतो. घरात कुणाला काय आजार होता? आपली उत्तरं ठरलेली असतात. वडिलांना बीपी, आजोबा म्हातारपणाने गेले. लीड्सला राहणाऱ्या माझ्या मावसभावाने, म्हणजे आमच्या दादाने, हेच लिहून दिलं होतं.

दादा ३९ वर्षांचा. कॉलेजपासून अर्धशिशी, डोकं दुखण्याआधी डोळ्यांसमोर वाकड्यातिकड्या चमकत्या रेषा. गेल्या वर्षी अचानक डावा हात बधिर झाला. एमआरआयमध्ये मेंदूच्या पांढऱ्या भागात ठिपकेच ठिपके. बहुधा मल्टिपल स्क्लेरॉसिस, असं सांगितलं गेलं. त्यात आपलीच प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवरचं आवरण खाते. ब्रिटनमध्ये हा आजार भारतापेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळे इकडच्या डॉक्टरांना तोच आधी आठवणार. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांची बोलणीही सुरू झाली.

पण पाठीतून काढलेल्या पाण्याचा रिपोर्ट जुळेना. एमएसच्या बहुतेक पेशंटमध्ये त्यात प्रथिनांचे ठरावीक पट्टे दिसतात, दादाच्या पाण्यात एकही नव्हता. मणक्याचा एमआरआयही स्वच्छ. शिवाय मेंदूतले ठिपके कानशिलाकडच्या भागाच्या अगदी पुढच्या टोकापर्यंत गेलेले, जिथे एमएसमध्ये ते सहसा नसतात. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी हे बघितलं आणि विचारलं, "घरात कुणाला कमी वयात पक्षाघात?"

सांगलीला फोन लावला. मावशी आधी "बीपीच होतं रे" म्हणाली. मग एकेक निघत गेलं. दादाच्या वडिलांना अर्धांगवायूचा पहिला झटका ४७व्या वर्षी. आजोबांना पन्नाशीनंतर घरचा रस्ता सापडेना. गावात वेड लागलं म्हणायचे. आत्याला अर्धशिशी. "मुलींची लग्नं व्हायची होती, कशाला बोलायचं?"

रक्ताची जनुकीय तपासणी झाली आणि नाव कळलं : कॅडासिल. १९व्या गुणसूत्रावरच्या नॉच-३ या जनुकातला दोष. फ्रेंच संशोधकांनी तो १९९६ साली शोधला. यात मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती खराब होतात, रक्त कमी पोचतं आणि पांढरा भाग जागोजागी मरतो. फोटो एमएससारखा, कारण भलतंच. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं आहे : एरर तोच, बग दुसऱ्याच फाइलमध्ये. एमएसची औषधं इथे उपयोगाची नाहीत, दुष्परिणाम मात्र पदरात पडले असते. कॅडासिल बरा करणारं औषध अजून नाही. सिगारेट बंद, बीपी ताब्यात, अर्धशिशीवर इलाज, एवढंच हातात. दादाने सिगारेट त्याच दिवशी सोडली. वहिनी दहा वर्षं सांगत होती, तेव्हा नाही सोडली!

खरा पेच पुढेच आहे. आई किंवा वडिलांकडून प्रत्येक मुलात हा दोष येण्याची शक्यता निम्मी. पुण्यातली धाकटी बहीण ३३ची, लग्नाचं बघताहेत. तिला दादाने स्वतः सांगितलं. ती म्हणाली, "मला आत्ता तपासणी नको." तो तिचा हक्कच आहे, इकडेही तपासणीआधी समुपदेशन करतात ते याचसाठी. पण निदान तिला माहीत तरी आहे. आत्याची मुलं तिघं, एक दुबईत. त्यांना अजून कुणी काही बोललेलं नाही. मावशी म्हणते, दिवाळी होऊ दे. दादाने ईमेल लिहून ठेवलंय, पाठवलं नाही.