ट्रकचा अडलेला नट आणि योग्य पाना



माल शेतातून निघाला की त्याचा भाव घड्याळाकडे बघून ठरतो. नाशिककडची गाडी मुलुंडवरून घाटकोपरला, पालघर-वसईकडची बोरिवली-अंधेरीला, पहाटेच्या बाजाराआधी पोचायला हवी. वाटेत टायर पंक्चर झाला. स्टेपनी आहे, जॅक आहे, पण चाकाचा नट काही केल्या हलत नाही! मग छिन्नी-हातोडा निघतो, नटाचे कोपरे गोल होतात आणि अर्ध्या तासाच्या कामाला दुपार होते. तोवर मेथी-कोथिंबीर सुकलेली असते. हे टाळायचं असेल तर ताकदीआधी हत्यार पाहा.

नट का अडतो?

कारणं मुख्यतः तीन. पहिलं, गंज. पावसाचं पाणी आणि किनाऱ्याची खारी हवा आट्यांत शिरते. दुसरं, कुणीतरी नट गरजेपेक्षा जास्त आवळलेला असतो. तिसरं, उलटा आटा. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातल्या जुन्या डॉज-फार्गोसारख्या काही गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असत. असा नट आपण सोडवतो म्हणून आवळतच जातो. जुनी गाडी असेल तर स्टडच्या टोकावर इंग्रजी ‘एल’ अक्षर आहे का, ते आधी पुसून बघावं.

पाना कोणता घ्यावा?

उघड्या तोंडाचा पाना नटाच्या दोनच बाजू धरतो. अडलेल्या नटावर तो घसरणारच. सहा कोनी सॉकेट किंवा बॉक्स पाना सहाही बाजू धरतो, म्हणून चाकासाठी तोच घ्यावा. तो नटावर पूर्ण खोल बसला पाहिजे.

मापाची गोष्ट तेवढीच महत्त्वाची. आपल्याकडे इंच आणि मिलिमीटर अशी दोन्ही मापं चालत आली. 1963 मध्ये इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापन झाली आणि कांदिवलीला बी-275 ट्रॅक्टर तयार होऊ लागला. त्याची घडण विलायती, म्हणून नटबोल्ट इंचाचे. उलट 1954 पासून निघालेल्या टाटा-मर्सिडीज ट्रकची घडण जर्मन, म्हणून माप मिलिमीटरचं. पाऊण इंच म्हणजे 19.05 मिलिमीटर, तिथे 19 चा पाना चालून जातो. पण अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर. त्यावर 13 चा पाना बसतो खरा, पण सैल. साधा नट त्याने सुटेल. अडलेल्या नटाचे कोपरे मात्र जातील. ट्रॅक्टरचा पाना ट्रकला ‘जवळपास बसतो’ म्हणून लावू नये.

जोर किती लागतो?

60 किलो वजनाच्या माणसाने अर्धा मीटर लांब दांड्याच्या टोकावर सगळा भार टाकला, तर नटावर 30 किलोग्रॅम-मीटरचा पीळ बसतो. दांडा एक मीटर केला की तोच माणूस 60 चा पीळ देतो. म्हणून मजबूत लांब टॉमी जवळ ठेवावी. पातळ पाइप घालू नये. तो वाकतो, निसटतो आणि माणूस रस्त्यावर पडतो. अवजड गाड्यांसाठी हाताने फिरवायचा गिअरचा पानाही मिळतो. तो सोडवायला उत्तम. पण आवळायला वापरू नये, कारण किती आवळलं याचा अंदाज राहत नाही.

कामाचा क्रम

1. गाडी सपाट, कडक जागी रस्त्यापासून दूर घ्या. हँडब्रेक ओढा, दुसऱ्या चाकांना उटी लावा.

2. तारेच्या ब्रशने आटे साफ करा. गंज सोडवणारं तेल टाका आणि 15-20 मिनिटं थांबा. तेल ब्रेकच्या ड्रमवर जाऊ देऊ नका.

3. नटाच्या तोंडावर हातोडीने हलके ठोके द्या. स्टडच्या आट्यांवर मारू नका.

4. चाक जमिनीवर असतानाच प्रत्येक नट अर्धा फेरा सैल करा. जॅक त्यानंतर. उचललेल्या गाडीवर जोर लावला तर जॅक सरकतो.

5. दांड्यावर झटका न देता सलग भार द्या. हलला नाही तर किंचित आवळून पुन्हा सोडवा.

टायर चाकावर असताना नट गॅसने तापवू नका. आतली हवा तापून टायर फुटतो. त्यात जीव गेलेले आहेत. कोपरे गोल झाले असतील तर मिस्त्रीला बोलवा.

परत आवळताना

नट समोरासमोरचे, आलटून पालटून आवळा. पुस्तिकेत सांगितल्याशिवाय आट्यांना ग्रीस लावू नका. 50 ते 100 किलोमीटर गेल्यावर पुन्हा तपासा. नटाभोवती गंजाचे ओघळ दिसले तर नट सैल झाला असं समजावं. चाक निसटलं तर मालाचंच नव्हे, रस्त्यावरच्या माणसाचंही नुकसान होतं.

गाडी भाड्याची असली तरी माल भरण्याआधी ड्रायव्हरकडून पाना मागून घ्या आणि पुढच्या, मागच्या आणि स्टेपनीच्या नटावर बसवून बघा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि ते अंगणातच करून घेतलेलं बरं.