विश्लेषण : एक्सेलमध्ये नवे शीट जोडले, पण मॅक्रो मागेच राहिला; उपाय काय?

वर्धा नदी फुगली की गोंडपिपरी तालुक्यातील नदीकाठच्या धान आणि कापसाच्या शेतांत पाणी शिरते. जुलै २०२२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्याने असा मोठा पूर पाहिला. पाणी ओसरल्यावर पंचनामे होतात, गावनिहाय याद्या तयार होतात आणि त्या शेवटी सरकारी पोर्टलवर चढतात. मधली जुळवाजुळव मात्र अनेकदा एक्सेलच्या फाइलमध्येच होते. या फाइलमध्ये एक साधी अडचण वारंवार येते. नवे शीट जोडले की जुन्या शीटमधला मॅक्रो त्यात येत नाही, आणि एक्सेल तसे सांगतही नाही.

बिघाड नेमका कुठे होतो?

समजा, एका फाइलमध्ये धाबा, विठ्ठलवाडा, तोहोगाव अशी गावांच्या नावांची शीट आहेत. प्रत्येक शीटमध्ये गट क्रमांक, सातबाऱ्यावरील क्षेत्र आणि बाधित क्षेत्र असे रकाने आहेत. कुणा जाणकाराने त्यात मॅक्रो बसवून दिला आहे. बाधित क्षेत्र सातबाऱ्यापेक्षा जास्त भरले, की तो सेल लाल होतो आणि शेजारी नोंदीची तारीख आपोआप पडते. काम सुरळीत चालू असताना भंगाराम तळोधीची यादी येते. ऑपरेटर खाली अधिकच्या चिन्हावर क्लिक करून नवे शीट उघडतो, मथळे चिकटवतो आणि नोंदी भरू लागतो. शीट दिसायला इतरांसारखेच असते, पण त्यामागे कोड नसतो.

क्षेत्र लिहिण्यातली नेहमीची चूक इथे महागात पडते. १ हेक्टर ५ आर म्हणजे १.०५ हेक्टर. घाईत ते १.५ असे भरले जाते. मॅक्रो असता तर सेल लाल झाला असता, कारण सातबाऱ्यावर १.०५ च आहे. नव्या शीटमध्ये १.५ मुकाट्याने स्वीकारले जाते. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीच्या केंद्राच्या आपत्ती निकषांत कोरडवाहू पिकांना हेक्टरी ८,५०० रुपये होते. त्या दराने ८,९२५ रुपयांच्या जागी १२,७५० रुपये लागतात. फरक ३,८२५ रुपयांचा. उलट चूक झाली तर तोटा शेतकऱ्याचा. आणि पुढे तपासणीत बेरीज जुळली नाही, तर एका नोंदीपायी अख्ख्या गावाची यादी अडकू शकते.

मॅक्रो नव्या शीटमध्ये का जात नाही?

मॅक्रो म्हणजे एक्सेलला दिलेल्या सूचनांचा संच. तो व्हीबीए या भाषेत लिहितात. एक्सेलमध्ये ही भाषा १९९३ पासून आहे. ऑल्ट आणि एफ-११ ही बटणे एकत्र दाबली की कोडची खिडकी उघडते. तिथे डावीकडे प्रत्येक शीटचे एक स्वतंत्र पान असते आणि संपूर्ण फाइलचे, म्हणजे 'धिसवर्कबुक' नावाचे, आणखी एक. 'सेल बदलला की हे कर' अशी सूचना बहुतेक जण शीटच्या पानावर लिहितात. ती त्या शीटपुरतीच लागू होते. नव्या शीटचे पान कोरे असते.

मग कोडनेच नव्या शीटमध्ये कोड लिहिता येतो का?

येतो. नवे शीट तयार होताच चालणारा मॅक्रो त्या शीटच्या पानावर दुसरा मॅक्रो लिहू शकतो. बऱ्याच जणांना पहिल्यांदा हाच मार्ग सुचतो, पण तो शेवटचा असावा. त्यासाठी ट्रस्ट सेंटरमधील मॅक्रो सेटिंग्जमध्ये 'ट्रस्ट अॅक्सेस टू द व्हीबीए प्रोजेक्ट ऑब्जेक्ट मॉडेल' ही खूण करावी लागते. ती मुळात बंद असते आणि प्रत्येक संगणकावर वेगळी करावी लागते. एका टेबलावर चाललेली फाइल शेजारच्या टेबलावर अडते ती यामुळे. कोडला पासवर्ड लावलेला असेल तर खूण करूनही उपयोग होत नाही.

ही खूण बंद का ठेवली आहे, हे समजून घ्यायला हवे. स्वतःचा कोड दुसऱ्या फाइलमध्ये उतरवणे ही मॅक्रो विषाणूंची जुनी रीत आहे. १९९६ मध्ये आढळलेला 'लॅरॉक्स' एक्सेलच्या सुरुवातीच्या फोल्डरमध्ये स्वतःची फाइल ठेवायचा आणि पुढे उघडलेल्या फाइलमध्ये शिरायचा. मार्च १९९९ मधला 'मेलिसा' वर्डच्या फाइलमधून आला आणि आउटलुकच्या यादीतील पहिल्या ५० पत्त्यांवर स्वतःला पाठवत सुटला. पेन ड्राइव्ह हातोहाती फिरणाऱ्या कार्यालयात असे दार उघडे ठेवणे धोक्याचेच.

त्यापेक्षा सोपा मार्ग कोणता?

कोडची जागा बदलायची. शीटच्या पानावरील सूचना काढून ती 'धिसवर्कबुक'मध्ये 'वर्कबुक शीटचेंज' या घटनेखाली लिहायची. फाइलमधील कोणत्याही शीटमध्ये सेल बदलला, की ही घटना घडते आणि कोणते शीट, कोणता सेल हे एक्सेल स्वतःच कोडला सांगते. आज असलेली शीट आणि उद्या जोडली जाणारी शीट, दोन्ही त्यात आली. नव्या शीटमध्ये काही लिहावे लागत नाही आणि ट्रस्ट सेंटरमधली ती खूणही लागत नाही. फक्त नव्या शीटमधील रकान्यांचा क्रम जुन्यासारखाच हवा.

मात्र एक अट कोडमध्ये घालावी लागते. एकूण गोषवाऱ्याच्या शीटवर हा मॅक्रो चालायला नको. त्यासाठी गावाच्या प्रत्येक शीटच्या ए-१ सेलमध्ये एखादा इंग्रजी अक्षरांचा संकेत ठेवायचा आणि तो असेल तरच पुढे जायचे. संकेत मराठीत का नको? कारण व्हीबीएच्या खिडकीत देवनागरी टिकत नाही. 'गोषवारा' लिहिले की प्रश्नचिन्हांची ओळ उमटते आणि शीटचे नाव जुळतच नाही. मराठी नावांची शीट ठेवणाऱ्यांचे तासन्तास यात जातात. शीटवर मराठी खुशाल लिहावे, कोडमध्ये नाही.

शीटच्या पानांवरील जुना कोड पुसायलाही विसरू नये. तो राहिला तर दोन्ही चालतात आणि एकच काम दोनदा होते. तारीख टाकणारा मॅक्रो स्वतःच सेल बदलतो, म्हणून तो स्वतःलाच पुन्हा हाक मारतो. हे टाळण्यासाठी 'एनेबल इव्हेंट्स' थोडा वेळ बंद करून काम झाल्यावर सुरू करतात. मध्येच कोड अडखळला तर ते बंदच राहते आणि घटनांवर आपोआप चालणारे सगळे मॅक्रो गप्प होतात. एक्सेल पूर्ण बंद करून उघडले की पुन्हा चालू होतात. असा मॅक्रो चालल्यावर कंट्रोल-झेडने मागे जाता येत नाही, हेही ऑपरेटरला आधी सांगून ठेवलेले बरे.

कोड लिहिता येत नसेल तर?

मॅक्रो असलेल्या एका शीटला 'नमुना' नाव द्यावे. नवे गाव आले की त्या नावावर राइट क्लिक, 'मूव्ह ऑर कॉपी', 'क्रिएट अ कॉपी'वर खूण. शीटबरोबर त्याचा कोडही येतो. तोटा एवढाच, की पुढे कोडमध्ये दुरुस्ती निघाली तर ४० गावांसाठी ४० ठिकाणी करावी लागते.

मुळात सगळी गावे एकाच तक्त्यात ठेवून 'गाव' हा एक रकाना वाढवला, तर हा प्रश्नच उरत नाही. फिल्टर लावून हव्या त्या गावाची यादी छापता येते. गावागणिक शीट ही कागदी रजिस्टरची सवय आहे.

फाइल पाठवताना काय जपावे?

फाइल एक्सएलएसएम प्रकारात जतन करावी. एक्सएलएसएक्समध्ये मॅक्रो उरत नाही. इंटरनेटवरून किंवा ईमेलवरून आलेल्या फाइलमधील मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून मुळातच अडवायला सुरुवात केली. वर लाल पट्टी दिसली आणि फाइल आपल्याच माणसाने पाठवल्याची फोन करून खात्री झाली, तरच फाइलच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये जाऊन 'अनब्लॉक' करावे.

मोबाइलवर हे चालते का?

नाही. एक्सेलच्या मोबाइल अॅपमध्ये आणि ब्राउझरमधील एक्सेलमध्ये व्हीबीए चालत नाही. बांधावर उभे राहून फोनमध्ये भरलेल्या नोंदीला मॅक्रोची चाळणी लागत नाही. ती नंतर संगणकावर तपासावी लागते. गुगल शीट्समध्ये स्थिती वेगळी आहे. तिथे अॅप्स स्क्रिप्टमधील 'ऑनएडिट' ही सूचना संपूर्ण फाइलला लागू असते, त्यामुळे नवे शीट आपोआप तिच्या कक्षेत येते. पण ती गुगलच्या सर्व्हरवर चालते. जंगलपट्ट्यातील गावात रेंज नसताना भरलेली नोंद फोनवरच थांबते आणि तिची तपासणी रेंज आल्यावरच होते.