पट्ट्याला ताण किती द्यावा?

पिठाची गिरणी, गुऱ्हाळातला चरक, मळणीयंत्र, हवेचा कॉम्प्रेसर, करवतीचा कारखाना. या सगळ्यांत मोटरची किंवा इंजिनाची ताकद बहुधा पट्ट्यावरून यंत्रापर्यंत पोहोचते. पट्टा लवकर झिजला किंवा तुटला की आपण कंपनी बदलतो, दुकानदाराशी वाद घालतो, पुढच्या वेळी महागातला पट्टा आणतो. पट्टा मात्र बहुतेक वेळा चांगलाच असतो. चुकलेला असतो तो ताण, किंवा त्याआधी पट्ट्यांची संख्या आणि पुलीचा व्यास ठरवताना केलेला अंदाज. या दोन्ही गोष्टी मोजता येतात आणि त्यासाठी इंजिनिअर असावेच लागते असे नाही.

आज सर्रास दिसणारा व्ही-पट्टा १९१७ साली अमेरिकेत डेन्व्हरच्या जॉन गेट्स यांनी रबरात आणला. त्याआधी कारखान्यांत चामड्याचे किंवा कापडी सपाट पट्टे छतालगतच्या लांब शाफ्टवरून खाली उतरत. व्ही-पट्ट्याची युक्ती त्याच्या आकारात आहे. तो खाचेच्या तळाला टेकत नाही, दोन्ही बाजूंच्या भिंतींत पाचरीसारखा रुततो. पट्टा पुलीवर किती पकड घेतो याचे गणित ऑयलर आणि आयटेलवाइन यांच्या नावाने ओळखले जाते. घट्ट बाजूचा ताण सैल बाजूच्या किती पट होऊ शकतो, हे घर्षण आणि पुलीला पडलेला वेढा या दोघांवर ठरते, आणि ही पट घातांकाने वाढते. वेढा १५५ अंशांचा आणि घर्षणांक ०.२ धरला, तर सपाट पुलीवर ही पट जेमतेम १.७ येते. तीच पुली ३८ अंशांच्या खाचेची केली की पट ५ च्या वर जाते. म्हणून व्ही-पट्ट्याला तेवढ्याच कामासाठी कितीतरी कमी ताण पुरतो, आणि शाफ्टवरचा भारही कमी राहतो.

पट्ट्याची निवड कशी होते ते एका गिरणीच्या हिशेबाने पाहू. मोटर ७.५ किलोवॅटची, म्हणजे दहा हॉर्सपॉवरची, फेरे मिनिटाला १,४४०. जात्याला फेरे हवेत ४८०. म्हणजे पुलींचे प्रमाण एकास तीन. मोटरवर १५० मिमीची पुली बसवली तर जात्यावर ४५० मिमीची लागेल. जाते सुरू होताना आणि दाणा कमीजास्त पडताना धक्के बसतात, म्हणून ताकदीला १.३ ने गुणायचे. आपण ९.७५ किलोवॅटची तयारी करायची. पट्ट्याचा वेग सेकंदाला सुमारे ११.३ मीटर येतो. ताकदीला वेगाने भागले की पुलीच्या कडेला लागणारी ओढ मिळते, ८६० न्यूटनच्या आसपास. साध्या भाषेत, जवळजवळ ८८ किलोंचे वजन पट्ट्यांनी सतत ओढायचे आहे.

दोन शाफ्टमधले अंतर ७०० मिमी ठेवले तर लहान पुलीला वेढा १५५ अंशांचा पडतो आणि पट्ट्याची लांबी सुमारे २,३७५ मिमी येते. बाजारात याच्या जवळची जी लांबी मिळेल ती घ्यायची आणि मोटर रेलवर थोडी मागेपुढे सरकवायची. बी आकाराचा पट्टा, म्हणजे वरून १७ मिमी रुंद आणि ११ मिमी जाड, या व्यासाला आणि वेगाला साडेतीन किलोवॅटच्या आसपास ताकद वाहतो. वेढा अर्ध्या फेऱ्यापेक्षा कमी पडल्याने त्यातले पाच-सहा टक्के वजा करायचे. भागाकार करा, उत्तर तीनच्या थोडे खाली येते. पट्टे तीन. दोन पट्ट्यांवर गिरणी चालेल, काही दिवस चांगलीही चालेल, पण ते दोन पट्टे रोज आपल्या कुवतीबाहेर राबतील. इथेच बचतीचा मोह होतो. दुसरा मोह लहान पुलीचा. १५० ऐवजी ११० मिमीची पुली घातली की मोटरकडची बाजू आटोपशीर दिसते, पण बी पट्ट्याला १२५ च्या खाली वाकवणे त्याच्या आतल्या दोऱ्यांना मानवत नाही. पट्टा फेऱ्यागणिक वाकतो आणि सरळ होतो, तापतो, आणि त्याच्या आतल्या बाजूला आडव्या चिरा पडतात.

आता ताण. आपल्याकडे अंगठ्याने दाबून बघायची रीत आहे. अनुभवी मिस्त्रीचा अंगठा पुष्कळ काही सांगतो हे खरे, पण ए आकाराच्या एका पट्ट्याला आणि सी आकाराच्या चार पट्ट्यांना तोच अंगठा लावून चालत नाही. लांब अंतराचा पट्टा घट्ट असूनही सैल वाटतो, आखूड अंतराचा सैल असूनही घट्ट.

साधा आणि खात्रीचा उपाय ताणकाट्याचा. दोन पुलींमधल्या सरळ भागाच्या मधोमध पट्टा काटकोनात दाबायचा, दर मीटरमागे १६ मिमी, आणि तेवढा दाबायला किती जोर लागला ते काट्यावर वाचायचे. आपल्या गिरणीत मोकळा भाग ६८४ मिमीचा, म्हणजे ११ मिमी दाबायचे. बी पट्टा आणि १२५ ते २०० मिमीची लहान पुली असेल तर प्रत्येक पट्ट्याला २० ते ३० न्यूटन, म्हणजे दोन ते तीन किलो जोर लागला पाहिजे. कमी लागला तर मोटर मागे घ्या, जास्त लागला तर पुढे.

दुसरी पद्धत कानाची, निदान तत्त्वाने. मिरजेत तंबोरे आणि सतारी घडवणारा कारागीर खुंटी पिळून तार सुरात आणतो तो ज्या नियमाने, तोच नियम इथे आहे. मारँ मर्सेन या फ्रेंच विद्वानाने तो सतराव्या शतकात मांडला. तारेची कंपने तिच्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतात. पट्ट्यावर बोटाने टिचकी मारा, तो कंप पावतो. ताण काढायचा तर मोकळ्या भागाच्या लांबीचा वर्ग, कंपनसंख्येचा वर्ग आणि पट्ट्याचे दर मीटरचे वजन यांचा गुणाकार करून चारने गुणायचे. बी पट्टा मीटरला सुमारे ०.२ किलो भरतो. आपल्या गिरणीत २४ हर्ट्झ कंपने मिळाली तर एका पट्ट्यात २१५ न्यूटन ताण आहे, आणि तीन पट्ट्यांना मिळून ८६० न्यूटनची ओढ वाहायला तो पुरतो. कंपने १७ हर्ट्झवर आली तर? कंपने अजून निम्म्याच्या बरीच वर असतील, पण ताण निम्मा झालेला असेल. हा वर्गाचा हिशेब लक्षात ठेवण्याजोगा आहे.

२४ हर्ट्झ हा स्वर माणसाच्या ऐकण्याच्या अगदी खालच्या टोकाला येतो, म्हणून नुसत्या कानावर विसंबता येत नाही. त्यासाठी माइक किंवा प्रकाशकिरण वापरणारे मापक मिळतात. मोबाइलमधली अॅप्स आखूड आणि जोरात ताणलेल्या दातेरी पट्ट्यांना ठीक, इतक्या खर्जातल्या पट्ट्याला सहसा नाहीत.

ताण कमी पडला तर पट्टा घसरतो. जात्याचे फेरे पाच टक्के घसरणीने ४८० वरून ४५६ वर आले, तर साडेसात किलोवॅटमधले पावणेचारशे वॅट पुलीवर उष्णता होऊन जळतात, एका छोट्या इस्त्रीइतके. खाच तापते, पट्ट्याच्या बाजू चकाकतात, कडक होतात, आणखी घसरतात. मग कुणीतरी राळ किंवा चिकट मलम चोपडतो. ते करू नये. दोन दिवस आवाज थांबतो, धूळ मात्र चिकटून राहते, आणि मूळ दुखणे तसेच.

ताण जास्त झाला तर पट्टा तक्रार करत नाही, बेअरिंग करते. बॉल बेअरिंगचे आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटते. भार पाव पट वाढला की आयुष्य जवळजवळ अर्धे. मोटरचे पुढचे बेअरिंग वारंवार जात असेल, तर वायंडिंगवाल्याकडे नेण्याआधी पट्ट्याचा ताण पाहावा.

नवा पट्टा खाचेत बसताना सैल होतोच. म्हणून सुरुवातीला ताण थोडा वरच्या बाजूला ठेवतात आणि दिवसभर चालवून पुन्हा मोजतात. ही दुसरी मोजणीच बहुतेक ठिकाणी राहून जाते, आणि बऱ्याच पट्ट्यांचे आयुष्य तिथेच संपते. तीनपैकी एक पट्टा तुटला तर तिन्ही बदलावेत. जुन्यांसोबतचा एकटा नवा पट्टा आखूड असल्याने सगळा भार स्वतःवर घेतो. पट्टा चढवताना स्क्रूड्रायव्हरने उचकटू नये, मोटर पुढे सरकवावी. खाचेचा तळ चकचकीत दिसला तर समजावे की पट्टा तळाला टेकतो आहे, पाचर राहिलेली नाही. अशी पुली ताणाने सुधारत नाही, बदलावीच लागते.

हे सगळे यंत्र पूर्ण थांबवून, वीज तोडून, फ्यूज स्वतःच्या खिशात ठेवून करायचे. चालत्या पट्ट्याजवळ पदर, ओढणी, सैल बाही नको. मोजून झाल्यावर जाळी परत बसवा, आणि जाळीच्या आतल्या बाजूला रंगाने चार गोष्टी लिहा: पट्ट्याचा आकार आणि लांबी, चढवल्याची तारीख, किती मिमी दाबला, किती किलो जोर लागला. पुढच्या वेळी जो कुणी मिस्त्री येईल, त्याला अंदाज करावा लागणार नाही.